“प्रेझेंटेबल पाहिजे”: माणसं घेताना चेहरा आणि बाई-पुरुष मधे येऊ नये म्हणून काय करायचं, पायरी पायरीने

मागच्या दिवाळीत माळा आवरताना एक जुनी फाईल हाताला लागली. चाकणच्या एका कंपनीत मी एचआरला होते तेव्हाची, इंटरव्ह्यू शीट्सची, घरी कशी आली देव जाणे. चाळता चाळता सेल्स कोऑर्डिनेटरच्या जागेसाठी आलेल्या एका मुलीची शीट सापडली आणि तिच्यावर माझ्याच अक्षरात रिमार्क, “बोलणं छान, अनुभव ३ वर्षं, अंगाने जरा जाड, फिरती झेपेल का?” तिला आम्ही घेतलं नव्हतं. ज्याला घेतलं त्याचं पोट टेबलाला टेकायचं, मला पक्कं आठवतंय कारण जॉइनिंगच्या दिवशी कंपनीचा टीशर्ट त्याच्या मापाचा मिळाला नव्हता. त्याच्या शीटवर रिमार्क काय, तर “अनुभव २ वर्षं, हसतमुख, एनर्जेटिक.”

आता मी काही दुष्ट बाई नाही हो. घरात भांडून नोकरीला बाहेर पडलेली मीच. पण शीटवर रिमार्कचा हा एवढा मोठा रिकामा चौकोन होता आणि वर नुसतं “ओव्हरऑल इम्प्रेशन” छापलेलं, मग डोळ्याला जे दिसलं तेच त्यात उतरलं. म्हणून मन मोठं कसं करायचं वगैरे मी सांगणार नाहीये, ते ज्याचं त्याने बघावं. जाहिरात, बायोडाटा, प्रश्न, शीट ह्या गोष्टी मात्र उद्यापासून बदलता येतात, तेवढंच लिहिते. ५ ते १०० माणसांचा धंदा चालवणारे मालक, क्लिनिकवाले, क्लासवाले, आणि एकट्याने सगळं एचआर सांभाळणारी बिचारी माणसं, ह्यांच्यासाठी आहे हे.

पायरी १: जाहिरात

आपल्याकडची नेहमीची जाहिरात बघा. “पाहिजेत: ऑफिससाठी लेडीज स्टाफ, स्मार्ट व प्रेझेंटेबल, वय १८ ते २५, अविवाहितांना प्राधान्य.” ह्यात कामाबद्दल एक अक्षर नाही. फाईलिंग करायचंय का फोन घ्यायचेत का टॅलीत एन्ट्री मारायचीय, काही कळत नाही, फक्त समोर कशी दिसणारी मुलगी बसावी ते कळतं. स्थळाची जाहिरातसुद्धा ह्यापेक्षा जास्त माहिती देते.

१९७४ मध्ये टेल्कोने, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सने, इंजिनिअरच्या जागांची जाहिरात दिली आणि त्यात चक्क लिहिलं होतं की महिलांनी अर्ज करू नये. बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आताच्या सुधा मूर्ती, ह्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं, मग पुण्याला इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं आणि नोकरीही लागली. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, शाळेच्या भाषणात पण सांगतात. पण आता तेच काम “फक्त पुरुष” असं सरळ न लिहिता होतं, “फिरतीची तयारी हवी, बाईक असणं आवश्यक, रात्री उशिरापर्यंत थांबावं लागेल” असं लिहून, आणि त्यातलं खरंच लागणारं किती हे कोणी तपासत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते. एकाच किंवा सारख्या कामासाठी भरती करताना बाई-पुरुष असा भेद करायचा नाही हे १९७६ च्या समान मोबदला कायद्यात होतं, आता त्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतलीय, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि त्यातही भरतीतल्या भेदभावाला मनाई आहे. शिवाय महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा आहे, २० किंवा जास्त कामगार असतील तर तो तुम्हाला लागतो (२०२५ पर्यंत ही मर्यादा १० होती), त्यातही भरती, बढती, पगार ह्यात महिलांशी भेदभाव करायचा नाही असं आहे. दिसण्यावरून नाकारलं तर मात्र खासगी नोकरीत सरळ धरता येईल असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही, अपंगत्व वगैरे बाबतीत आहेत तरतुदी, पण रंग, जाडी, दात पुढे असणं ह्याला काही नाही. म्हणून ही बाजू तुमच्या कागदावरच सांभाळावी लागते.

करायचं काय, तर प्रत्येक शोभेच्या शब्दापुढे “म्हणजे काय काम?” असं लिहायचं. रिसेप्शनला “प्रेझेंटेबल” म्हणजे काय? माझ्या एका ओळखीच्या डेंटिस्टबाईंबरोबर बसून हे केलं तर अर्ध्या तासात हे निघालं: रोज ३० ते ४० पेशंट, अपॉइंटमेंटची वही नीट ठेवणं, पेशंट चिडला तर शांत राहणं, मराठी-हिंदी बोलणं, कॅश जुळवणं. मग म्हटलं ह्यात चेहऱ्याचं काम कुठंय? त्या म्हणाल्या, “स्वच्छ दात तरी हवेत गं, माझंच दुकान दातांचं.” बरं, हे पटलं मला!

शरीराची अट खरंच लागत असेल तर ती मोजून लिहा आणि सगळ्यांना सांगा. पोलीस शिपाई भरतीत महिलांना १५५ आणि पुरुषांना १६५ सेंटिमीटर उंची लागते, त्यावर वाद घाला हवा तर, पण निदान टेप लावून मोजता येते. “पर्सनॅलिटी चांगली हवी” हे कोणत्या टेपने मोजणार? गोडाऊनला २० किलोची खोकी उचलायची असतील तर २० किलो असं लिहा, “फक्त जेन्ट्स” लिहू नका, उचलणारी बाई आली तर आली.

पायरी २: बायोडाटा आणि त्यावरचा फोटो

मराठीत लग्नाच्या कागदालाही बायोडाटाच म्हणतात आणि नोकरीच्या कागदालाही, आणि लोक दोन्हीसाठी जवळपास एकच कागद वापरतात. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, काही जण तर उंची आणि “वर्ण: गव्हाळ” पण. मागे एका मुलाच्या कागदावर रास आणि नाडी पण होती, घाईत चुकीची फाईल पाठवली असणार.

फोटो काय करतो ते इस्रायलमधल्या एका प्रयोगात नीट दिसलं, २०१५ मध्ये छापून आलेला. तिथल्या जागांसाठी पाच हजारांवर अर्ज पाठवले, एकाच जागेला जोडीने दोन, मजकूर जवळपास सारखा, एकाला फोटो आणि एकाला नाही. देखण्या पुरुषाचा फोटो असेल तर १९.७ टक्के ठिकाणांहून उत्तर आलं आणि साध्या दिसणाऱ्या पुरुषाचा असेल तर ९.२ टक्के, म्हणजे निम्म्याहून कमी. बायकांचं अजून विचित्र, ज्यांनी फोटो लावलाच नाही त्यांना सगळ्यात जास्त कॉल आले, सुंदर फोटोवाल्यांनाही त्यांच्यापेक्षा कमी. म्हणजे पुरुषाला चेहरा चढवतो आणि बाईला सुंदर असूनही पाडतो. अर्ज चाळणाऱ्या बायकांचाच हेवा आड येत असावा असा संशोधकांचा अंदाज होता, मला स्वतःला तो जरा जास्तच सोपा वाटतो, पण आकडे तेच आहेत.

नुसतं नावही पुरतं. २०१२ मध्ये अमेरिकेत विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना लॅब मॅनेजरच्या जागेसाठी एकच अर्ज दाखवला, अर्ध्यांना जॉन नावाने आणि अर्ध्यांना जेनिफर. जॉन जास्त हुशार वाटला आणि त्याला सुचवलेला सरासरी पगार ३०,२३८ डॉलर, जेनिफरला २६,५०८. आणि हे फक्त पुरुष प्राध्यापकांनी नाही केलं, बाई प्राध्यापकांनीही तेवढंच केलं, म्हणून “आमच्याकडे तर एचआरला मॅडमच आहेत” ह्याचा काही उपयोग नाही. माझा रिमार्क वर वाचलाच तुम्ही.

उपाय फुकट आहे. सगळे बायोडाटा एका माणसाकडे येऊ द्या, ऑफिस असिस्टंट असो, अकाउंटंट असो, पण निवड करणारा नको. त्याने एक एक्सेल शीट करायची, कॅन्डिडेट १, कॅन्डिडेट २ असे नंबर, आणि कॉलम फक्त एवढे: शिक्षण, ह्या कामाचा अनुभव किती महिने, काय काय चालवता येतं (टॅली, बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर, काय असेल ते), कधी जॉइन होणार, पगाराची अपेक्षा. नाव, फोटो, वय, लग्न, गाव काहीच नाही. शॉर्टलिस्ट ह्या शीटवरून. आडनाव झाकल्याने अजून एक मोठी गोष्ट झाकली जाते, ती कुठली हे मी सांगायची गरज नाही.

आणि व्हॉट्सअॅपचा डीपी! फोटो नसलेला बायोडाटा मागवतात आणि मग नंबर सेव्ह करून डीपी मोठा करून बघतात, मी पाहिलंय लोकांना करताना. म्हणून शॉर्टलिस्ट होईपर्यंत नंबरही असिस्टंटकडेच ठेवायचा.

सॉफ्टवेअर लावलं की भेदभाव गेला असं वाटत असेल तर अॅमेझॉनचं आठवा. त्यांनी बायोडाटे चाळायला प्रोग्रॅम बनवला होता, तो आधीच्या दहा वर्षांच्या अर्जांवर शिकला, त्यात बहुतेक पुरुष, मग “महिला चेस क्लबची कॅप्टन” असा शब्द दिसला की तो मार्क कापायला लागला. शेवटी गुंडाळला, २०१८ मध्ये रॉयटर्सने बातमी दिली.

पायरी ३: बोलावण्याआधी मार्कांचा तक्ता

चार किंवा पाच मुद्दे, त्याहून जास्त नको, प्रत्येकाला किती मार्क ते आधी ठरवून सही करून ठेवायचं. आधी का, तर समोर आवडता माणूस बसला की मुद्दे त्याच्या मापाने कापले जातात. तो अनुभवी असेल तर “अनुभव महत्त्वाचा”, फ्रेशर असेल तर “शिकायची तयारी महत्त्वाची”. हे आपण मुद्दाम करत नाही, होतं.

पायरी ४: तोंड बघायच्या आधी काम बघा

पूर्ण लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांनी साधारण १९७० नंतर पडद्याआड वादन ऐकून माणसं घ्यायला सुरुवात केली. पडद्यामागून कोण चालत येतंय हे चपलांच्या आवाजावरून कळायचं म्हणून काही ठिकाणी खाली गालिचा टाकायचे, म्हणजे बघा किती बारीक विचार. तिथल्या सगळ्यात नावाजलेल्या पाच ऑर्केस्ट्रांत १९७० मध्ये ५ टक्क्यांपेक्षाही कमी बायका होत्या त्या १९९७ पर्यंत २५ टक्क्यांच्या आसपास गेल्या. त्यातलं पडद्यामुळे किती आणि इतर कारणांनी किती ह्यावर २००० साली मोठा अभ्यास आला आणि मग त्यातल्या आकडेमोडीवर टीकाही झाली, तर पडदा म्हणजे जादू आहे असं मी म्हणणार नाही. पण वाजवणाऱ्याचं वाजवणं ऐकून ठरवा, ह्यात वाद घालण्यासारखं काय आहे?

चाकणलाच पुढे क्वालिटी इन्स्पेक्टर घेताना आम्ही हे केलं. टेबलावर पाच बुश, म्हणजे धातूचे छोटे नळीसारखे तुकडे, एक ड्रॉइंग, एक व्हर्नियर, वीस मिनिटं. पाचातला एक तुकडा मुद्दाम साइजबाहेरचा ठेवलेला. कॅन्डिडेटने कागदावर रीडिंग लिहून फक्त नंबर टाकायचा आणि कागद खोक्यात टाकायचा, तपासणारा प्रॉडक्शनचा माणूस, त्याने कोणालाच बघितलेलं नाही. त्या दिवशी एक मुलगी जळगावकडून रात्रीच्या एसटीने थेट आली होती, कुर्ता चुरगळलेला, केस कसेतरी बांधलेले, गेटवरच्या वॉचमनने तर तिला हाउसकीपिंगच्या बाकावर बसवलं होतं. एक मुलगा कडक इस्त्री, टाय, हातात फोल्डर. कागद उघडले तर टायवाल्याने पाचही तुकडे ओके दिलेले आणि मुलीने चुकीचा तुकडा तर पकडलाच, वर खाली लिहिलेलं, “व्हर्नियरला झिरो एरर आहे, ०.०४ वजा केले.” म्हणजे बंद असतानाही तो शून्य न दाखवता थोडं जास्त दाखवत होता. आमचा व्हर्नियर खराब होता हे आम्हालाच माहीत नव्हतं!

प्रत्येक कामाला असं काहीतरी काढता येतं. रिसेप्शनला दुसऱ्या खोलीतून फोन करून चिडलेला पेशंट बना. टेलिकॉलरला तर फक्त फोनवर घ्या, त्याचा चेहरा कोण बघणार आहे पुढे? अकाउंटला एका महिन्याचं बँक स्टेटमेंट जुळवायला द्या. शिक्षकाला दहा मिनिटं शिकवायला सांगा, तिथे समोर यावंच लागेल, चालेल. फक्त दोन पथ्यं, चाचणी तासाभरापेक्षा मोठी नको, आणि त्यांच्याकडून फुकट काम करून घ्यायचं नाही. “चाचणी” म्हणून अख्खी वेबसाइट बनवून घेणारे महाभाग आहेत पुण्यात.

पायरी ५: प्रश्न, आणि “मिस्टर काय करतात?”

सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, लिहून. कंटाळवाणं वाटतं पण गप्पांच्या नादात इंटरव्ह्यूचे कांदेपोहे होतात ते थांबतं.

“लग्नाचं काय ठरलंय?”, “मिस्टर काय करतात?”, “मुलं किती, सांभाळतं कोण?”, “सासरी चालतं का उशीर झालेला?” हे प्रश्न बंद. काळजी म्हणून विचारतो, घरच्यासारखं विचारतो, असं म्हणतात, मग पुरुषांना का विचारत नाही घरच्यासारखं? एकदा आमच्या साहेबांनी एका बाईंना विचारलं “मूल लहान आहे, कसं मॅनेज करणार?” तर त्या शांतपणे म्हणाल्या, “सर, तुम्ही कसं केलं होतं?” साहेबांना उत्तरच देता येईना, कारण त्यांनी केलंच नव्हतं. घेतलं नाही हो त्यांना. “जरा उद्धट वाटल्या.”

हा भेद मोजलेला पण आहे. २००७ च्या एका अमेरिकन प्रयोगात सारखेच अर्ज दाखवले, फक्त एकीच्या कागदावर ती आई आहे हे कळेल असा उल्लेख. आईला सुचवलेला सुरुवातीचा पगार ११ हजार डॉलरने कमी. बापाला मात्र काही तोटा नाही.

आपल्याकडे हे प्रश्न काही गप्पांपुरते नव्हते, नियमात होते. एअर इंडियाच्या एअर होस्टेसना पहिल्या गरोदरपणाला नोकरी सोडावी लागायची, नोकरीला लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केलं तरी जायची. १९८१ च्या नर्गेश मिर्झा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने गरोदरपणाचा नियम रद्द केला, लग्नाचा मात्र तसाच ठेवला, हे दुसरं फार कमी जणांना माहीत असतं. त्याआधी १९७९ मध्ये परराष्ट्र सेवेतल्या सी. बी. मुथम्मा कोर्टात गेल्या, कारण त्या सेवेतल्या बाईला लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी लागायची.

आता मालकांच्या मनातली खरी भीती बोलूया, उगाच आदर्श गप्पा नकोत. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी पगारी प्रसूती रजा १२ वरून २६ आठवडे झाली, आणि छोट्या धंद्याला वाटतं सहा महिन्यांचा पगार अंगावर येणार, म्हणून नवीन लग्न झालेली मुलगी नकोच. पण हिशोब पुरता करा की. तुमचं युनिट ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेत असेल आणि तिचा पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर त्या रजेचे पैसे ईएसआय महामंडळ देतं, तुमच्या खिशातून नाही जात, फक्त हप्ते वेळेवर भरलेले हवेत. किती मालकांना हे मी सांगितलं आणि ते “असं आहे होय?” म्हणाले, दरमहा हप्ता भरूनसुद्धा! २१,००० च्या वरच्या पगाराला मात्र भार तुमच्यावर येतो, तो खरा आहे, सरकारने तो पूर्ण मालकावर टाकायला नको होता असं माझं मत आहे. तरी बदली माणूस सहा महिने काँट्रॅक्टवर घेता येतो, आणि दोन वर्षांत नोकरी सोडून जाणाऱ्या पोरांवर तुम्ही किती ट्रेनिंग उधळता तेही त्याच कागदावर मांडून बघा.

शिफ्टचं किंवा फिरतीचं विचारायचंच असेल तर असं विचारा आणि सगळ्यांना विचारा: “महिन्यातून चार दिवस बाहेरगावी जावं लागतं, दुसरी शिफ्ट रात्री दहाला सुटते, जमेल का?” उत्तर हो किंवा नाही. घरी कोण काय म्हणतं ते तिचं ती बघेल. एका मेकॅनिकल पोरानेच मला “नाही जमणार, आईला डायलिसिसला न्यावं लागतं” सांगितलं होतं, त्याला हा प्रश्न आधी कोणी विचारलाच नव्हता कारण तो पुरुष.

मधेच एक, तुम्ही टेबलाच्या पलीकडे, इंटरव्ह्यू देणाऱ्या बाजूला असाल तर. “लग्न कधी?” विचारलं की भांडायचं की गिळायचं हे ज्याच्या त्याच्या गरजेवर आहे, दोन्हीत लाज नाही. मला लागू पडताना दिसलेलं उत्तर म्हणजे प्रश्नामागची भीती ओळखून तिलाच उत्तर देणं, “सर, तुम्हाला मी किती दिवस टिकेन ते जाणून घ्यायचंय ना, आधीच्या ठिकाणी मी चार वर्षं होते.” आणि घरी गेल्यावर तारीख, प्रश्न, विचारणाऱ्याचं पद एका वहीत लिहून ठेवा, पुढे लागलंच तर उपयोगी पडतं.

पायरी ६: आधी आकडे, मग चर्चा

पॅनेलवर तिघं असतील तर तिघांनी वेगवेगळे मार्क टाकून कागद उलटे ठेवायचे, मगच तोंड उघडायचं. नाहीतर मोठे साहेब “मुलगा छान आहे” म्हणाले की बाकीचे दोघे माना डोलावतात.

आणि एकेका मुद्द्यावर सगळ्या कॅन्डिडेट्सना मार्क द्या, एकेका माणसाला सगळ्या मुद्द्यांवर नको. कारण १९२० पासून माहितीय, थॉर्नडाइक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने बघितलं की सैन्यातले अधिकारी हाताखालच्यांना मार्क देताना ज्याची शरीरयष्टी चांगली त्याची बुद्धी, नेतृत्व, स्वभाव सगळंच चांगलं धरत होते. एक गोष्ट आवडली की तिचा उजेड बाकीच्यांवर पडतो. गोरेपणाचं आपल्याकडे तसंच, क्रीमच्या जाहिराती वर्षानुवर्षं तेच दाखवत होत्या की सावळी मुलगी उजळली आणि नोकरी लागली, २०१४ मध्ये जाहिरातवाल्यांच्याच परिषदेने हे दाखवू नका असा नियम काढला आणि २०२० मध्ये फेअर अँड लव्हलीच्या नावातलं फेअर गेलं. पण त्या जाहिराती बघत वाढलेली आपली पिढीच आता पॅनेलवर बसलीय.

पायरी ७: चर्चेतले चोरशब्द

“शोभेल”, “टीममध्ये मिसळेल का”, “जरा आक्रमक वाटते”, “पर्सनॅलिटी नाही”, “क्लायंटला आवडणार नाही”. हे शब्द आले की चर्चा थांबवून एकच विचारायचं, तिच्या जागी तो असता तर हाच शब्द वापरला असता का? माझ्या जाड-बारीकच्या रिमार्कचा निकाल ह्या एका प्रश्नात लागला असता.

देखण्या बायकांचं सगळं सोपं असतं हाही गैरसमज आहे. १९७९ मध्येच एका प्रयोगात दिसलं की क्लार्कच्या जागेला सुंदर बाईला फायदा होतो पण मॅनेजरच्या जागेला तेच रूप आड येतं, पुरुषाला मात्र दोन्हीकडे फायदाच. आपल्याकडे त्याचं भाषांतर म्हणजे “ही काय शॉपफ्लोअरवर टिकणार, रंगरंगोटी बघा.” पुरुषही ह्यातून सुटत नाहीत, लेडीज डॉक्टरच्या क्लिनिकला किंवा नर्सरी शाळेला मुलगा अर्ज करतो तेव्हा त्याचा कागद कसा बाजूला पडतो ते विचारा.

क्लायंटचं कारण सगळ्यात चिवट. त्यावर मुंबईचंच उदाहरण आहे, सिनेमाच्या मेकअप कलाकारांच्या संघटनेत कितीतरी वर्षं बायकांना मेकअप आर्टिस्टचं कार्ड मिळायचं नाही, फक्त हेअर ड्रेसर व्हा म्हणायचे, का तर पुरुषांच्या पोटावर पाय येईल. चारू खुराना कोर्टात गेल्या आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो नियम उडवला. इंडस्ट्रीला चालणार नाही म्हणत होते, इंडस्ट्री आहे की चालू. तसंच तुमचा क्लायंट, त्याने खरंच कधी तोंडाने सांगितलंय का, का तुम्हीच त्याच्या वतीने ठरवताय?

मग काहीच बघायचं नाही का? बघायचं की. किचनमध्ये नखं, साइटवर बूट, काउंटरला युनिफॉर्म. पण ते जॉइन झाल्यावरचे नियम आहेत, ऑफर देताना लिहून द्या, सगळ्यांना एकच. चुरगळलेला कुर्ता इस्त्रीने सरळ होतो.

पायरी ८: पगार

जागेचा पगार आधी ठरवा, किमान ते कमाल, आणि जाहिरातीत छापा. “सध्या किती आहे” वर टक्के वाढवून देत बसलात तर मागच्या मालकाने केलेला अन्याय तुम्ही व्याजासकट पुढे नेता. “नवऱ्याचा पगार चांगलाय, हिला कमी चालेल” हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी ऐकलंय. चेहऱ्याचाही इथे हिशोब लागतो, १९९४ च्या एका अभ्यासात अमेरिका-कॅनडात दिसायला सामान्यांपेक्षा डावे मानलेले लोक ५ ते १० टक्के कमी कमावत होते, आणि त्यात पुरुषही होते.

पायरी ९: मोजदाद आणि शीट

एका वहीत प्रत्येक जागेला चार आकडे, अर्ज किती, शॉर्टलिस्ट किती, बोलावले किती, घेतले किती, प्रत्येकात बायका किती पुरुष किती. वर्षाने उघडा. अर्जातच बायका नसतील तर जाहिरातीत घोळ, अर्जात आहेत पण बोलावलेल्यात नाहीत तर एक्सेल शीट नीट झाकलेली नाही, बोलावल्या पण घेतल्या नाहीत तर खोलीत काहीतरी होतंय. दहा माणसांच्या धंद्यात एका वर्षाच्या आकड्यावरून काही सिद्ध होत नाही, पण कुठे डोकावायचं ते कळतं. मार्कांच्या शीट वर्षभर तरी जपून ठेवा, नाकारलेल्याने का म्हणून विचारलं तर “व्हर्नियरच्या चाचणीत १० पैकी ३” असं सांगता येतं.

मी आता ज्यांना शीट बनवून देते त्यात वर नंबर, मग पाच मुद्दे आणि मार्क, मग सही. रिमार्कचा चौकोन मी ठेवलाय अजून, पण इतका लहान की त्यात जॉइनिंगची तारीख तेवढी मावते.